मार खाणाऱ्यांची गोष्ट

‘डेव्हिल मे क्राय’ या कॅपकॉमच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या भागांची तुलना निघाली की गुणपत्रिका ठरलेली असते. शत्रू सर्वांत सरस कुठले? पहिल्या भागातले, २००१ चे. कथा? तिसऱ्या भागाची, २००५ ची. मारामारी? अर्थातच पाचव्याची, २०१९ ची. दुसरा भाग नापास, चौथा अर्धाकच्चा, आणि २०१३ साली इंग्लंडमध्ये घडवलेलं ते परकं पोर तर असं, की त्याचं नाव काढताच भांडण जुंपतं. या गुणपत्रिकेत ‘शत्रू’ आणि ‘कथा’ असे दोन वेगळे रकाने असतात. वाद होतो तो कुठल्या रकान्यात किती गुण द्यायचे यावर. रकाने दोन का, हे कोणी विचारत नाही.

त्या दोन रकान्यांमागे एक मत उभं आहे. या मालिकेत राक्षस मार खाण्यासाठी असतो, असं ते मत. दान्ते नावाचा अर्धा माणूस, अर्धा राक्षस असा नायक आहे. बाप स्पार्डा राक्षसकुळातला, पण माणसांच्या बाजूने लढलेला. आई ईव्हा माणूस. व्हर्जिल हा जुळा भाऊ. दान्तेच्या हातात तलवार आणि दोन पिस्तुलं असतात, आणि पडद्याच्या कडेला एक श्रेणी चढत-उतरत असते. तोच तो घाव घातला की श्रेणी घसरते, तऱ्हा बदलली की चढते. समोरचा राक्षस कोण, कुठून आला, याच्याशी त्या श्रेणीला देणंघेणं नाही. कथा मधल्या दृश्यांतून सांगितली जाते, ती बरी असो वा वाईट, हातांचा खेळ तोच राहतो. हे मत निंदकांचं असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते भक्तांचंच आहे आणि भक्त ते छाती फुगवून सांगतात.

विरोधकाच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ लावून त्याला लोळवण्याला न्यायशास्त्रात छल म्हणतात. ते टाळायचं तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, आणि त्याची ताकद थोडी नाही.

पहिला पुरावा जन्माचा. हिदेकी कामियाच्या दिग्दर्शनाखाली ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयखेळांच्या मालिकेचा चौथा भाग म्हणून हे काम सुरू झालं, आणि त्या चाकोरीत बसेना म्हणून स्वतंत्र मालिका झाली. याच काळात ‘ओनिमुशा’ या कॅपकॉमच्याच दुसऱ्या खेळाच्या चाचणीत एक चूक सापडली होती: तलवारीचे घाव घालत राहिलं की शत्रू हवेतच तरंगत राहायचा. कामियाने ती चूक उचलली आणि तिचा पाया केला. म्हणजे शत्रूला खाली पडू न देणं हे या मालिकेचं बीजच आहे, असं पूर्वपक्ष म्हणतो. दुसरा पुरावा ‘ब्लडी पॅलेस’चा. मजल्यामागून मजले, राक्षसांच्या झुंडीमागून झुंडी, गोष्ट शून्य; आणि मुरलेले खेळाडू सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवतात. तिसरा पुरावा नावांचा. तिसऱ्या भागात सात महापापांच्या नावाचे सात राक्षस आहेत. त्यातल्या लस्ट आणि एन्व्ही यांच्यात वेष आणि रंग सोडला तर फरक शोधावा लागतो. चौथा पुरावा सगळ्यांत बोचरा आहे. त्याच भागात बुरुजाच्या माथ्यावर खेळाडू व्हर्जिलला हरवतो, आणि लगेच पुढच्या दृश्यात व्हर्जिलच दान्तेच्या पोटात तलवार खुपसून गळ्यातला ताईत काढून घेतो. हातांनी जिंकलं, कथेने हरवलं. मारामारी आणि कथा यांचा काडीमोड याहून स्पष्ट काय दिसायचा?

या चारांपैकी शेवटचा मी मान्य करतो. तो दोष आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. बाकीच्या तिघांना उत्तर आहे. पण नुसतं खंडन म्हणजे वितंडा, म्हणून आधी माझा पक्ष.

राक्षसाला कशाने मारता येत नाही आणि कशाने येतं, यातच गोष्ट असू शकते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. तो वर ऐकला की नरसिंह, संध्याकाळ आणि उंबरठा हे सगळं त्यातूनच निघतं. शत्रूच्या अंगाची रचना नायकाला त्याचं रूप घ्यायला लावते. रक्तबीजाच्या सांडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा असुर उभा राहतो, म्हणून कालीला जीभ पसरावी लागते. तिथे ‘आधी युद्ध, मग कथा’ अशी फाळणी करून पाहा, हाती काही उरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘डेव्हिल मे क्राय’ जिथे चांगली आहे तिथे ती अशीच सांगितलेली आहे, आणि जिथे फसली तिथे शत्रूच्या वरातली गोष्ट निघून गेल्यामुळे फसली. दृश्यांतले संवाद भिकार असल्याने ती फसलेली नाही. संवाद तर पहिल्या भागातलेही भिकारच आहेत.

पहिल्या भागात मॅलेट बेटावरच्या गढीत शिरल्यावर अगदी सुरुवातीला अंगावर येतात त्या कळसूत्री बाहुल्या, मॅरिओनेट. लाकडी हातपाय, गळालेली मान, आणि चाल अशी की वरून कोणी दोरे खेचतंय हे दिसावं. यांना हवेत उडवणं सोपं आहे. ‘ओनिमुशा’तली ती चूक इथे कामाला येते, आणि पूर्वपक्षाला वाटतं की मुद्दा सिद्ध झाला. पण त्याच खेळात आणखी कोण कोण उडतं ते पाहावं. भिंतीतून आरपार जाणारा, हातात प्रचंड कात्री घेतलेला सिन सिझर्स असा उडत नाही. त्याची कात्री येते तेव्हा बरोबर त्या क्षणी तलवार मधे घालावी लागते आणि मग मुखवट्यावर घाव. शॅडो हा काळ्या चित्त्यासारखा प्राणी तलवारीला उलट भाले काढून उत्तर देतो. त्याला आधी गोळ्या घालून थकवायचं, आतला गाभा उघडा पडला की मग तलवार. आणि नेलो अँजेलो हा काळ्या चिलखतातला योद्धा तर जमिनीवरून तसूभरही उचलला जात नाही. बाहुली उडते कारण तिला स्वतःचं वजन नाही, स्वतःची इच्छा नाही. ज्याला काहीतरी इच्छा आहे तो पाय रोवून उभा राहतो. हवेत उडवण्याची ती युक्ती पहिल्या भागात सरसकट लागू होत नाही, आणि ती कुणाला लागू होते आणि कुणाला नाही यातच अर्थ आहे.

आता हा नेलो अँजेलो. तो दान्तेसारखाच लढतो. तलवार पुढे करून झेप घेण्याची दान्तेची जी खास चाल आहे, ती त्याच्याकडेही आहे. पहिल्या गाठीत तो दान्तेला गळ्याला धरून उचलतो, ताईत दिसल्यावर मात्र वेदनेने मागे सरून नाहीसा होतो. कोणी काही सांगत नाही. पण ज्याने ती लढाई दिली त्याच्या बोटांना कळलेलं असतं की समोरच्याची शाळा आपलीच आहे. तिसऱ्या गाठीत शिरस्त्राण उतरतं, तो पडतो, मागे आईने दोघा भावांत वाटलेल्या ताइताचा दुसरा अर्धा भाग राहतो, आणि मगच कळतं की हा हरवलेला भाऊ होता. मुंडस या राक्षसराजाने त्याची बाहुली केली होती. मुंडसनेच आईच्या चेहऱ्याची ट्रिश घडवून दान्तेला बेटावर आणलेलं असतं. म्हणजे तीही बाहुलीच. ग्रिफन हा निष्ठावंत सेनापती हरल्यावर आणखी शक्तीची याचना करतो, तेव्हा मुंडस त्यालाच जाळून टाकतो. गढीच्या दालनातल्या त्या पहिल्या लाकडी बाहुलीपासून ट्रिशपर्यंत एकच धागा आहे: कुणाचे दोरे कुणाच्या हातात. शेवटी ट्रिशच्या डोळ्यांत पाणी येतं आणि दोरा तुटतो. हा धागा दृश्यांमध्ये कुठेही उच्चारलेला नाही. तो मारामारीत विणलेला आहे.

दुसऱ्या भागाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जानेवारी २००३ मध्ये तो आला. काम पार घसरल्यावर शेवटच्या टप्प्यात हिदेआकी इत्सुनोने ते हाती घेतलं होतं. रूढ मत म्हणतं, इथला दान्ते मुका झाला म्हणून कथा मेली. मला ते पटत नाही. तिथे शत्रूंना कसलाच वर नाही. पिस्तुलं इतकी जबर आहेत की लांब उभं राहून कळ दाबत बसलं की मोठेमोठे राक्षससुद्धा आपसूक मरतात. राक्षस शिरलेलं हेलिकॉप्टर आणि राक्षस शिरलेला रणगाडा या कल्पना कागदावर झकास वाटतात. पण ते हेलिकॉप्टर आपल्याकडून काही मागतच नाही. ज्या शत्रूसाठी नायकाला काही व्हावं लागत नाही, त्याने कितीही बडबड केली असती तरी गोष्ट झाली नसती.

तिसरा भाग पहिल्याच्या आधीची कथा सांगतो, आणि इथे पूर्वपक्षाच्या तिसऱ्या पुराव्याचा समाचार घेता येतो. सात पापांचे राक्षस एका साच्यातले आहेत, हे अर्धं खरं. रॅथ, म्हणजे क्रोध, पाठीवर स्फोटकाचा गोळा घेऊन येतो, फुटतो, आणि फुटताना स्वतःच्याच जातभाईंना घेऊन जातो. ग्रीड, म्हणजे लोभ, शवपेटी वाहतो आणि ती उघडून आणखी राक्षस बोलावतो. त्याला जिवंत ठेवलं तर गर्दी संपत नाही. स्लॉथ, म्हणजे आळस, हा अंतर्धान पावून एकदम शेजारी प्रकट होतो, आणि पूर्वपक्षाचे लोक यावर हसतात. मला तर हे आळसाचं फार बारकाईने केलेलं चित्रण वाटतं: चालायचाच कंटाळा! लस्ट आणि एन्व्ही मात्र पूर्वपक्षाकडे ठेवून घ्या, मी मागत नाही.

पण तिसऱ्या भागाचं खरं मर्म दाराशी बसलेल्या दोघा भावांत आहे, आणि त्यांची नावं आपल्या घरातली आहेत: अग्नी आणि रुद्र. एक तांबडा, एक निळा. एकाकडे आग, दुसऱ्याकडे वारा. खांद्यावर डोकी नाहीत, डोकी तलवारींच्या मुठींवर आहेत, आणि ती अखंड बडबडत असतात. दान्तेने सुस्कारा सोडला तर सुस्कारा म्हणजे काय यावर दोघांची चर्चा. वैदिक वाङ्मयात अग्नीलाच रुद्र म्हटलेलं आहे; ते जपानी कलाकारांनी वाचलं होतं की नुसती नावं उचलली, हा प्रश्न इथे गौण आहे. या लढाईचा नियम पाहा. दोघांपैकी एकाला आधी मारलं की उरलेला त्याची तलवार उचलतो, दोन्ही हातांनी लढू लागतो, आणि दोघे मिळून होते त्याहून भयंकर होतो. शहाणा खेळाडू म्हणून दोघांनाही समान दमवत नेतो आणि जवळजवळ एकाच वेळी पाडतो. एक भाऊ मेला की दुसऱ्याच्या हातात त्याचं शस्त्र येतं आणि तो बिघडतो. व्हर्जिल आणि दान्ते यांची सगळी शोकांतिका या विदूषकांच्या जोडीत आधीच खेळून झालेली आहे. ती कुणी समजावून सांगितली नाही, म्हणून ‘कथा’ या रकान्यात तिला गुण पडत नाहीत.

व्हर्जिलकडे वळू. त्याच्याशी तीन लढाया होतात. यामातो ही तलवार त्याच्या हातात असते. बंदूक नसते आणि तो ती घेणारही नाही. माणसांची हत्यारं त्याला हलकी वाटतात, जसा स्वतःतला माणूस त्याला हलका वाटतो. बुरुजाच्या माथ्यावर दान्ते गोळ्या झाडतो तेव्हा व्हर्जिल तलवार गरगर फिरवून त्या झेलतो, जमिनीवर ओळीने मांडतो आणि एका फटक्यात परत पाठवतो. हे दृश्यात घडतं, म्हणून पूर्वपक्ष त्याला कथेच्या रकान्यात टाकेल. पण लढाईतही तेच घडतं: गोळ्या तो सरळ उडवून लावतो. ज्या पिस्तुलांनी आतापर्यंत हवेतल्या राक्षसांना टांगून ठेवलं होतं, ती इथे फुकट जातात. व्हर्जिलचं तत्त्वज्ञान म्हणजे त्याची ढाल, आणि खेळाडूला ते ऐकावं लागत नाही, त्यावर आपटावं लागतं.

त्याच्यापुढे बेओवुल्फची साखळी पाहा. स्पार्डाने एक डोळा फोडलेला हा राक्षस; दान्ते दुसरा फोडतो. आंधळा बेओवुल्फ रक्ताच्या वासावर स्पार्डाचा वंश शोधत निघतो आणि व्हर्जिलसमोर येऊन ठेपतो. व्हर्जिल त्याला कापतो आणि त्याची शक्ती हातापायांवर चढवतो. पुढच्या लढाईत दान्तेला त्याच मुठींचा मार खावा लागतो, आणि त्यानंतर त्या मुठी दान्तेकडे येतात. एकाच शत्रूच्या अंगावरून बाप, धाकटा, थोरला आणि पुन्हा धाकटा असा वारसा फिरतो. शेवटी अर्कम या खलनायकाच्या फुगलेल्या, विद्रूप देहासमोर दोघे भाऊ एकत्र लढतात आणि अखेरच्या क्षणी बंदुकीला नाक मुरडणारा व्हर्जिल भावाचं पिस्तूल हातात घेऊन झाडतो. हा क्षण का अंगावर येतो? दृश्य चांगलं बेतलंय म्हणून? असेल. पण त्याआधीच्या दोन लढायांत बंदुकीचा तिरस्कार आपल्याला हाताने सोसावा लागलेला असतो, ते विसरून चालणार नाही. हे हाताचं ज्ञान नसेल तर तो क्षण नुसती पोज.

‘ब्लडी पॅलेस’बद्दल इथेच सांगून टाकतो. तिथे गोष्ट नाही, हे कबूल. आखाड्यात पहिलवान दिवसभर जोर-बैठका काढतो आणि जोड करतो, म्हणून मैदानातल्या कुस्तीला इतिहास नसतो असं कोणी म्हणत नाही. शिवाय तिथे पुरेसा वेळ घालवलेल्यांना विचारावं: झुंडीत ग्रीड दिसला की ते सगळं सोडून आधी त्याच्यावर का तुटून पडतात?

चौथा भाग २००८ चा, आणि माझ्या पक्षाला सर्वांत चांगला साक्षीदार तोच मिळतो, कारण तो अर्धा यशस्वी आणि अर्धा अयशस्वी आहे. फॉर्च्युना नावाच्या नगरात स्पार्डाला देव मानणारा पंथ आहे. शुभ्र वस्त्रं, प्रार्थना, गायन; आणि तळघरात अ‍ॅग्नस नावाचा संशोधक रिकाम्या चिलखतांत राक्षसांचे आत्मे भरून फौज तयार करतोय. नायक आहे नीरो, आणि त्याचा उजवा हात राक्षसाचा आहे. तो लांबवून शत्रूला पकडता, ओढता, आपटता येतं. आता शत्रू पाहा. बियांको अँजेलो: पांढऱ्या-सोनेरी ढालीमागे उभा पोकळ शिपाई. मेफिस्टो: काळ्या झग्यात तरंगणारी भेसूर आकृती, नीरोने हात लांबवून झगा ओढून काढला की आतून निघतो एक किडा, जो जमिनीवर आपटून केविलवाणा वळवळतो. देखणं वस्त्र ओढायचं, आतला किडा उघडा पाडायचा: नीरोला त्या पंथाचं जे करायचं आहे ते तो दर दहा मिनिटांनी हाताने करतोच आहे. अ‍ॅग्नसचे कृत्रिम राक्षस तर शस्त्र आणि जनावर जोडून बनवलेले आहेत. पंथाची नीयत त्यांच्या सांगाड्यातच दिसते.

मग अर्ध्यावर नीरो बाजूला होतो, दान्ते येतो, आणि त्याच वाटांनी, त्याच राक्षसांशी, त्याच म्होरक्यांशी लढत उलटा चालू लागतो. सगळे म्हणतात, पैसे आणि वेळ संपला म्हणून जुनंच पुन्हा वापरलं. खेळ कंटाळवाणा झाला. कंटाळा खरा आहे. पण पुनरावृत्ती हे त्याचं अपुरं कारण. दान्तेकडे तो हात नाही. मेफिस्टोचा झगा त्याला गोळ्या झाडझाडून उतरवावा लागतो आणि ते नुसतं काम होतं, रखडपट्टी. दान्तेची शस्त्रं नीरोच्या दुप्पट, श्रेणी चढवायला संधी दुप्पट. पूर्वपक्ष खरा असता तर हा उत्तरार्ध मालिकेतला सर्वोत्तम ठरायला हवा होता, कारण हातांचा खेळ तिथे सर्वांत श्रीमंत आहे. तो तसा ठरला नाही. शत्रू नीरोसाठी घडवले होते. दान्तेशी त्यांचं काही बोलणंच नव्हतं.

२०१३ च्या ‘डीएमसी’वर भक्तांचा राग केसांच्या रंगावरून सुरू झाला, ते सोडून देऊ. त्याची कथा बाकी सगळ्या भागांपेक्षा जास्त बोलकी आहे: मुंडस हा सावकार, लोकांना झिंगवणारं शीतपेय, खोटं बोलणारी वृत्तवाहिनी. बॉब बार्बस हा वृत्तनिवेदक म्हणून समोर येणारा म्होरक्या स्वतःच बातम्यांच्या पडद्यातलं भलंमोठं डोकं असतो. तिथे कल्पना आणि लढाई एक होतात, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण वाटेत भेटणारे शिपाई? काही निळे, त्यांना देवदूती शस्त्रंच लागतात. काही तांबडे, त्यांना राक्षसी. निळा का निळा, त्याचा त्या शीतपेयाशी, कर्जाशी, वाहिनीशी संबंध काय, याला उत्तर नाही. हा वर नव्हे, हे कुलूप. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत हे बंधन सैल करून कुठलंही शस्त्र कुणावरही चालू दिलं, आणि कथेत तीळभरही फरक पडला नाही. हिरण्यकशिपूच्या वरातली एक अट अशी काढून पाहा!

आता एक आक्षेप उरतो, तो विद्वानांचा. हे सगळं तुम्ही वाचताय, करणाऱ्यांच्या मनात यातलं काही नव्हतं. कळसूत्री बाहुली ही बनवायला सोपी म्हणून पहिली येते. असेल. पण २०१९ मध्ये इत्सुनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःच पहिल्या भागाच्या शत्रूंचं जे वाचन केलं, ते काय होतं ते पाहावं. पाचव्या भागात व्ही नावाचा एक काटकुळा तरुण आहे, विल्यम ब्लेकच्या कवितेत रमणारा. तो स्वतः लढू शकत नाही. त्याच्यासाठी तीन जीव लढतात: ग्रिफन, शॅडो आणि नाइटमेअर. तिघेही पहिल्या भागातले शत्रू. ग्रिफन आणि शॅडो शत्रूला मरणाच्या दारापर्यंत आणतात, पण शेवटचा घाव काठी घेऊन व्हीनेच घालायचा असतो. पुढे उलगडतं की व्हर्जिलने यामातोने स्वतःला चिरून आपल्यातला माणूस फेकून दिला. तो माणूस म्हणजे व्ही, आणि उरलेला राक्षस म्हणजे ज्याच्याशी सगळे लढताहेत तो युरिझेन. आणि ते तीन जीव? मुंडसच्या गुलामीतल्या व्हर्जिलची दुःस्वप्नं. ज्या राक्षसांना आपण अठरा वर्षांपूर्वी बेटावर मार खाणारे म्हणून निकालात काढलं होतं, ते एका बाहुलीच्या कैदेची आठवण होते, असं करणाऱ्यांनीच जाहीर केलं. फेकून दिलेल्या दुबळ्या माणसावाचून ही दुःस्वप्नं कुणाला मारू शकत नाहीत, आणि त्यांच्यावाचून तो माणूस दोन पावलं टाकू शकत नाही. हे सांगणारा एकही संवाद नसता तरी व्हीच्या लढाया हेच सांगत राहिल्या असत्या.

याच भागात कॅव्हॅलिएरे अँजेलो येतो. नेलो अँजेलोच्याच घाटाचं चिलखत, आणि ते फुटल्यावर आतून ट्रिश निघते, तिच्यावरच ते चालत होतं. ज्या भावाला एकेकाळी चिलखतात कोंबलं गेलं, त्याच्याच राक्षसी अर्ध्याच्या राज्यात आईच्या चेहऱ्याची बाई चिलखतात कोंबली गेली. दान्तेला तलवारीला तलवार भिडवत ती लढाई द्यावी लागते. या प्रसंगाला गुणपत्रिकेत कुठे बसवायचं, शत्रूत की कथेत?

नीरोचा तो राक्षसी हात पाचव्या भागाच्या सुरुवातीलाच उपटला गेलेला असतो. उपटणारा व्हर्जिल, नीरोचा बाप. अख्खा खेळ नीरो निको या कारागीर मुलीने बनवलेल्या, वापरता वापरता मोडणाऱ्या कृत्रिम हातांवर काढतो. शेवटच्या लढाईत, दोन भाऊ एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले असताना, हात परत उगवतो, आणि पहिल्यांदाच त्या हाताने बापाला पकडता येतं. कुणी पकडायला सांगत नाही. कळ दाबून बघणाऱ्याला ते सापडतं.

पूर्वपक्षाचं एक ठाणं मात्र मला घेता येत नाही, ते तसंच सोडतो. २००६ च्या तिसऱ्या भागाच्या विशेष आवृत्तीत व्हर्जिल होऊन खेळता येतं. शस्त्रं मोजकी, प्रत्येक घाव धारदार. अनेक जाणत्यांच्या मते मालिकेतला सर्वांत देखणा हात तोच. मधली दृश्यं जवळजवळ नाहीत. बुरुजाच्या माथ्यावर पोचलं की समोर दान्ते नसतो, वेगळ्या रंगाच्या कोटातली व्हर्जिलचीच नक्कल उभी असते, कारण कुणीतरी उभं असायला हवं. अग्नी आणि रुद्र दाराशी असतात, ग्रीडची शवपेटी असते, बेओवुल्फही असतो. लढाई अप्रतिम होते. आणि ती कुणाशी झाली, हे सांगता येत नाही.